नान्नजचा चिखल आणि दहा फुटांवरचा गरुड

"रस्ता पक्काय रे, गाडी थेट माळापर्यंत जाते." हे सांगणाऱ्या सोलापूरच्या मित्रानं तो रस्ता शेवटचा कधी पाहिला, देव जाणे.

माळढोक पक्ष्याचं अभयारण्य असलेलं नान्नज सोलापुरातून बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटर. तिथवर काही त्रास नाही. डांबर सोडून शेतांमधली पाणंद धरली की खेळ सुरू. दोन दिवस आधी अवकाळी पडून गेला होता आणि काळी माती ओली झाली की काय करते, हे माझ्यासारख्या पुणेकराला कुठलं माहीत? अर्ध्या किलोमीटरात मडगार्डमध्ये इतका चिखल बसला की पुढचं चाक फिरेचना. काडीनं उकरायचं, दहा पावलं ढकलायचं, परत उकरायचं. पाऊण तास हेच. एका ट्रॅक्टरवाल्यानं ओढून द्यायचे पाचशे मागितले. लूट म्हणून नाही म्हटलं. हजारही दिले असते, असं दहा मिनिटांनी वाटलं.

गाडीआड उकिडवा बसून उकरत होतो, तेवढ्यात बांधावर धप्पकन काहीतरी उतरलं. सापमार गरुड! दहा-बारा फुटांवर. घुबडासारखं गरगरीत डोकं, पिवळेजर्द डोळे आणि चोचीत तोंडाकडून अर्धी गेलेली लहानशी धामण. शेपूट अजून वळवळत होतं. मान वर करून तो हिसका देई, की वीतभर साप आत. पायांची आखूड बोटं, त्यावरचे खरखरीत खवले, सगळं दिसत होतं. जोंधळ्यातल्या माळ्यावर गोफण घेऊन बसलेले आजोबा हळूच म्हणाले, "हलू नगा. खाऊ द्या त्येला."

कॅमेरा सॅकमध्ये, हात कोपरापर्यंत चिखलात. एकही फोटो नाही. उडाला तेव्हा शेपटीचं टोक चोचीबाहेर लोंबत होतं.

आता जाणाऱ्यांसाठी. पाऊस होऊन चार-पाच दिवस झाले नसतील तर पाणंदीत दुचाकी घालूच नका. डांबराकडेला लावा आणि चाला. साधे मोजे घालाल तर संध्याकाळभर कुसळं वेचत बसाल. "माळढोक नक्की दाखवतो" म्हणून स्टेशनाबाहेर एकानं मला गाडीचे तीन हजार सांगितले. सरळ पाठ फिरवा. अभयारण्य १९७९ सालचं, माळढोकासाठीच झालेलं, पण आज तिथे तो दिसेल या आशेवर कुणी जाऊ नये. हिवाळ्यात भोवत्ये (हॅरिअर, शिकारी पक्षी) मात्र बघा. दिवस मावळताना ते गवतातच, जमिनीवर मुक्कामाला उतरतात, त्यामुळे फोटोसाठी गवतात घुसू नका. कडेला गप्प बसा. बसलेल्या माणसाजवळ काय काय येतं ते मी पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी हिप्परगा तलाव केला. छान आहे.

गाडी त्या मित्राचीच होती. न धुता परत केली.