अर्धी पायरी वर

2023च्या नोव्हेंबरात आमचं न्यू जर्सीतलं अंगण जागचं न हलता दुसऱ्या पट्ट्यात गेलं. अमेरिकेच्या कृषी खात्याने थंडीच्या पट्ट्यांचा नवा नकाशा काढला. 2012च्या नकाशात आम्ही ‘7ए’ होतो, आता ‘7बी’. अर्धा पट्टा म्हणजे पाच अंश फॅरनहाइट. निम्मा देश असाच वर, म्हणजे जास्त उबदार पट्ट्यात, सरकलाय.

बाबांना पुण्याला फोन करून सांगितलं, तर म्हणाले, “म्हणजे पुण्याच्या जवळ आलीस की गं!”

गुलाबाचे माझे गुरू बाबाच. पाऊस सरला की पाणी तोडायचं, मुळांवरची माती उकरून ऊन द्यायचं, बाहेरच्या अंगाचा डोळा बघून तिरपा काप घ्यायचा, मग शेणखत आणि निंबोळी पेंड. आणि कलमाचा जोड कायम मातीच्या वर. हा शेवटचा नियम मी इथेही इमानेइतबारे पाळला. पहिल्याच हिवाळ्यात जोडाच्या वरचं सगळं जळालं. जूनमध्ये माझ्या पिवळ्या गुलाबाला गडद लाल फुलं आली! तो खालचा खुंट होता, ‘डॉ. ह्यूई’ जातीच्या गुलाबाचा. इथे बरीच कलमं त्याच्यावरच बांधतात. तेव्हापासून जोड दोन इंच मातीखाली. बाबांना हे अजून पटलेलं नाही.

छाटणीचं इथलं पंचांग सोपं: फोरसिथियाची झुडपं पिवळ्या फुलांनी भरली की कात्री काढा. गेल्या वर्षी फेब्रुवारीतच ऊब आली, मार्चच्या सुरुवातीला फोरसिथिया फुललं. 7बीच्या तोऱ्यात मी छाटलं आणि वर भरपूर नत्राचं खतही घातलं. तांबूस, लुसलुशीत कोंब तरारून आले. एप्रिलमध्ये एका रात्री हिम पडलं, सकाळी कोंब उकडलेल्या पालकासारखे. खत घातलं नसतं तर ते इतके कोवळे, इतके उतावळे नसते. नकाशाला दोष कसा देणार? तो वर्षातल्या सगळ्यात थंड रात्रीची तीस वर्षांची सरासरी सांगतो. एप्रिलच्या रात्रींचं त्याला काही विचारलेलंच नसतं.

बाबांचंही गणित बिनसलंय. दसरा झाला की छाटणी, हे त्यांचं ठरलेलं. पण पाऊस ऑक्टोबरात रेंगाळला की ताजे काप ओले राहतात आणि फांद्या वरून काळ्या पडत जातात. त्यामुळे तेही कात्रीला तेल देऊन आभाळाकडे बघत बसतात.

यंदा मी पानं नीट उलगडेपर्यंत खताला हात लावणार नाही. गॅरेजात अल्फाल्फाच्या गोळ्यांची पिशवी मात्र आणून ठेवलीय. खत म्हणून इथले गुलाबवाले त्यावर फार खूश असतात.

“अल्फाल्फा म्हणजे?” बाबांनी विचारलं.

“लसूणघास.”

पलीकडे जरा वेळ शांतता. मग, “ते आपण म्हशीला घालतो गं.”