दुधाची तिथी

फोन आला तोवर मंडळी बाळाला पुरून परतलीही होती. बाप विचारत होता, गुरुजी, दहावा कधी धरायचा? मागून कुणीतरी वडीलधारा म्हणालेला ऐकू आला, "अरे, एवढ्याशा मुलाचं काही करायचं नसतं." मुलगा पाच महिन्यांचा. न्यूमोनिया झाला होता.

आमच्या याज्ञिकीत असल्या फोनला ठरलेलं उत्तर आहे : अंघोळ करा, सुतक नाही. उत्तर खोटं नाही, अर्धं आहे. दोन वर्षांच्या आतलं मूल पुरावं, त्याला उदक, म्हणजे मृताच्या नावाने सोडायचं पाणी, देऊ नये, असं याज्ञवल्क्यस्मृती सांगते. सुतक दात येण्याआधी स्नानापुरतं, चौल, म्हणजे जावळ, होईपर्यंत एक रात्र, मुंजीपर्यंत तीन, पुढे दहा. बहुतेक जण इथेच पोथी मिटतात. पण दात न आलेल्या मुलासाठी तीन रात्री सांगणारं काश्यपाचं एक वचन आहे, आणि ते आईवडिलांपुरतं आहे असा खुलासा मिताक्षरेत, याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या टीकेत, विज्ञानेश्वराने केला आहे. म्हणजे भावकी अंघोळ करून मोकळी, आईबाप नाहीत. हे मी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला सगळ्यांसमोर सांगतो. त्याने बापाला तीन दिवस दुकान उघडावं लागत नाही आणि शेजारून पिठलं-भाकरी येत राहते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापाबरोबर दफनाची जागा पाहिली. खड्डा गुडघाभर खणला होता आणि आषाढ चालू होता. मूल लहान म्हणून खड्डाही लहान, असं लोक धरून चालतात. लांबीला ते ठीक, खोलीला नाही. निदान कमरेइतकं, जमलं तर चार फूट खाली जायला हवं, नाहीतर कुत्री उकरतात. खडेमीठ पाच-सात किलो लागतं, खाली आणि वर. इथे घरातल्या मिठाची एक पिशवी टाकली होती. काळी माती पावसात खचते, म्हणून वर हातभर उंच ढीग हवा. आता पुन्हा उकरणं शक्य नव्हतं. दोन पाट्यांऐवजी दहा पाट्या मुरूम टाकून चोपून घेतला, वर सपाट दगड बसवले, दगडांवर बाभळीच्या काटेरी फांद्या. मग भिंतीच्या कोपऱ्यापासून आणि लिंबाच्या झाडापासून टेपने अंतर मोजून कागदावर लिहून दिलं. एका पावसाळ्यानंतर जागा ओळखू येत नाही आणि नगरपालिकेच्या जागेत तीच माती पुन्हा वापरली जाते. हे आधी कुणी सांगत नाही.

घरी आईला दूध येत होतं. पाच महिने पाजणारी बाई, छाती दगडासारखी झालेली, आणि घरातल्या एकाही बाईने विषय काढलेला नव्हता. हे माझं काम नव्हे, म्हणून आरोग्यसेवेच्या आशाताईंना बोलावलं. घट्ट बांधू नका, ठणका कमी होण्यापुरतंच पिळून काढा, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, ताप आला किंवा एका जागी लाल झालं तर लगेच डॉक्टर, असं त्यांनी सांगितलं.

तिन्ही संध्याकाळी गल्लीतलं भजनी मंडळ आलं. टाळ-मृदंग नको, नुसता हरिपाठ, एवढं आधी ठरवलं. बायका आईजवळ बसल्या. येणाऱ्यांना दारातच सांगायला एक जाणती बाई उभी केली : "देवाला आवडला" म्हणायचं नाही, "दुसरं होईल" तर अजिबात नाही, बाळाचं नाव घ्यायचं. सगळ्यांना जमलं नाही. एक निवृत्त मास्तर नशिबावर बराच वेळ बोलले.

तिसऱ्या दिवशी स्नान, पंचगव्य, देवापुढे दिवा. "काही करायचं नसतं" म्हणणाऱ्या आजोबांना मी गरुडपुराण काढून दाखवलं : "दुग्धं देयं मृते शिशौ". तान्हं मूल गेलं तर दूध द्यावं. पिंड नाही, पण काहीच नाही असंही नाही. बाळाचं नाव घेऊन बापाने संकल्प सोडला आणि गल्लीतल्या मुलांना आईने स्वतःच्या हाताने दूध दिलं.

त्याच आठवड्यात दुसरे एक गुरुजी येऊन पितृदोष सांगून गेले. त्र्यंबकेश्वरला तीन दिवसांचा नारायण-नागबळी करा म्हणाले. नारायणबळी दुर्मरणासाठी, नागबळी नाग मारल्याच्या दोषासाठी. न्यूमोनियाने गेलेल्या तान्ह्याशी दोन्हींचा संबंध काय? घाबरलेल्या घरात दक्षिणा मिळते, एवढाच संबंध. हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. फॉर्ममध्ये बारशाचं नाव लिहा म्हणून मी मागे लागलो. मूल तान्हं असलं की आईच्या नावापुढे "बाळ" एवढंच लिहून लोक मोकळे होतात, आणि दाखल्यावर मग तेच छापून येतं.

एक प्रश्न मात्र माझ्याकडून सुटलेला नाही. आईने विचारलं, दरवर्षी दूध द्यायचं तर तिथी कुठली धरू, गेला ती की झाला ती? श्राद्ध असतं तर मृत्युतिथी, यात वाद नाही. पण हे श्राद्ध नाही, आणि दूध कुठल्या तिथीला द्यायचं, यावर माझ्याकडच्या पोथ्यांत ओळ सापडली नाही. एका वैदिक मित्राचं म्हणणं, जन्मतिथी मंगल असते, तिथे मृताचं काही आणू नये. आजोबाही त्यांच्या बाजूचे. मला दोघांचं म्हणणं कळतं, तरी निषेध दाखवता येत नाही तोवर "नाही" कुठल्या आधारावर म्हणू? तिला जन्मतिथी हवी होती. मी अडवलं नाही. अंगणवाडीत पंचवीस मुलं आहेत, तीन लिटर पुरेल, तापवून न्या, आणि आदल्या आठवड्यात सेविकेला विचारून ठेवा, एवढं सांगितलं.