कॅनडाच्या वाटेवर अडलेले अनुभवपत्र

कॅनडाचे नागरिकत्व मिळेपर्यंत माझी खरी दमछाक कॅनडात झालीच नाही. ती कोल्हापुरात, एका फाउंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या ऑफिसात झाली. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, पदवीचे मूल्यांकन, पोलिस क्लिअरन्स, वैद्यकीय तपासणी या सगळ्याला ठरलेला नियम आहे. पैसे भरले आणि वाट पाहिली की कागद हातात पडतो. मात्र २०१८ च्या अखेरीस एक्स्प्रेस एंट्री या कुशल कामगारांना कायम वास्तव्य देणाऱ्या कॅनडाच्या योजनेतून अर्जाचे निमंत्रण आले, सगळी कागदपत्रे सादर करण्याची ६० दिवसांची मुदत सुरू झाली आणि जुन्या नोकरीचे अनुभवपत्र आडवे आले.

कॅनडाला हे पत्र लेटरहेडवर लागते. त्यात पद, नोकरीचा कालावधी, आठवड्याचे कामाचे तास, वार्षिक पगार व भत्ते आणि प्रत्यक्ष केलेले काम तपशिलाने लिहून खाली वरिष्ठाची सही, नाव व संपर्क द्यावा लागतो. आमच्या एमआयडीसीतली रीत वेगळी. "यांनी आमच्या कारखान्यात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत काम केले असून त्यांची वर्तणूक समाधानकारक होती," एवढ्या मजकुरावर गोल शिक्का मारला की दाखला झाला. माझ्या वर्तणुकीची कॅनडा सरकारला काडीची उत्सुकता नव्हती. साचे बनवायच्या पॅटर्नची ड्रॉइंग कोण तपासत होते आणि कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, रिजेक्शन कमी करण्याचे काम कोणाकडे होते, हे त्यांना हवे होते. मी मसुदा तयार करून नेला, तेव्हा ऑफिसातले साहेब म्हणाले, "एवढं सगळं लिहून द्यायला उद्या आम्ही कोर्टात उभं राहायचं हाय का?" पगाराचा आकडा लेटरहेडवर गेला तर तो बाकीच्यांना कळेल, ही एक धास्ती, आणि कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा असताना खरे तास लिहायचे तरी कसे, ही दुसरी, न बोलून दाखवलेली. मालक गावाला गेलेत, सही करणारे रजेवर आहेत, लेटरहेड छापायला टाकलेत, अशी उत्तरे ऐकत मी त्या बाकावर बसून राहिलो. त्या बसण्याचा राग अजूनही पुरता गेलेला नाही.

शेवटी निवृत्त झालेले माझे जुने सुपरवायझर मदतीला आले. माझे काम त्यांनी शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करून नोटरीसमोर लिहून दिले. त्याला मी नेमणूकपत्र, पगारपत्रके, फॉर्म १६ आणि पीएफचे पासबुक जोडले, कारखाना पत्र का देत नाही याचा खुलासा स्वतंत्र कागदावर लिहिला आणि तो दोन ओळींचा दाखलाही सोबत लावला. अर्ज मंजूर झाला. तरीही हा नाइलाजाचा मार्ग आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी हे पत्र राजीनामा देण्याआधी, संबंध गोड असतानाच मागून घ्यावे, आणि कामाचे वर्णन कॅनडाच्या व्यवसाय-यादीतून शब्दशः उतरवू नये, कारण तशी उतरवाउतरव चटकन ओळखू येते.

अर्जासोबत दाखवायच्या बँकेतील शिलकीचे राहिले. केवळ त्या दिवशीची रक्कम पुरत नाही, मागील सहा महिन्यांची सरासरीही पाहिली जाते. त्यामुळे कोणाकडून आयत्या वेळी उसने आणलेले पैसे लगेच डोळ्यांवर येतात.

पुढे फारसे सांगण्यासारखे नाही. नागरिकत्वासाठी पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष कॅनडात राहावे लागते आणि गणपती-दिवाळीला घरी घालवलेले दिवस त्यात धरले जात नाहीत, म्हणून जाण्यायेण्याच्या तारखा पहिल्यापासून वहीत टिपून ठेवाव्यात. नागरिकत्वाच्या परीक्षेत २० पैकी १५ उत्तरे बरोबर आली की झाले. शपथेनंतर भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. त्यानंतर ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत देतो ते कार्ड, काढता येते. त्या कार्डावर मतदान करता येत नाही. वाडवडिलांची उसाची जमीन वारसाने आली तर ती ठेवता येते, पण नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि ही बंदी परदेशी वास्तव्याला गेल्यापासूनच, म्हणजे भारतीय पासपोर्ट असतानाही लागू असते. शेजारचा पट्टा घ्यायचा असेल तर खरेदीखत विमानाच्या तिकिटाआधी करावे.