स्ट्रायकर कुणासमोर आहे?

"सर, मला पानंच लागत नाहीत," असं तो सलग तिसऱ्या शनिवारी म्हणाला, तेव्हा मी माझी वही उघडली.

कोथरूडमधल्या एका मॅनेजमेंट संस्थेत मी संभाव्यता आणि निर्णयप्रक्रिया हा विषय शिकवतो. सत्राच्या उत्तरार्धात शनिवारी सकाळी पोकरचा टेबल मांडतो. टेक्सास होल्डेम, म्हणजे प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेली पानं आणि मध्ये सगळ्यांची मिळून पाच उघडी: आधी तीन एकदम (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं. आठ जण, प्रत्येकाला दहा हजारांच्या प्लास्टिकच्या चिप्स. चिप्स रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणलेल्या. पैशाचा व्यवहार शून्य. महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा १८८७ पासूनचा आहे आणि २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरही बंदी आणली. पहिल्याच तासाला मी हे सांगतो आणि ज्याला खरे पैसे लावायची खुमखुमी असेल त्याला दार दाखवतो. डीलरचं बटण म्हणून हॉस्टेलच्या कॅरमचा स्ट्रायकर वापरतो. तो ज्याच्यासमोर, तो फ्लॉपपासून पुढे सगळ्यांत शेवटी बोलतो, म्हणजे चिप्स लावायच्या की पानं टाकायची ते सांगतो. एक डाव झाला की तो डावीकडे एक खुर्ची सरकतो.

हा मुलगा वर्गात पहिला येणारा. सुरुवातीच्या दोन पानांच्या १३२६ जोड्या, त्यांचे १६९ प्रकार, हे त्याला तोंडपाठ. कुठली पानं आली तर आपला हात सुधारेल, ते मी विचारायच्या आत सांगायचा. तरी दर शनिवारी त्याच्या चिप्स चहाच्या सुट्टीपर्यंत निम्म्या व्हायच्या.

वहीत मी प्रत्येक डावाची नोंद ठेवतो. कुणाच्या हातात काय होतं, किती लावले, किती गेले. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याचं पान आडवं न वाचता उभं वाचलं, म्हणजे खुर्चीप्रमाणे. ब्लाइंडच्या दोन जागांवर, म्हणजे स्ट्रायकरच्या डावीकडच्या लगतच्या दोन खुर्च्यांवर (आधी छोटा ब्लाइंड, मग मोठा), तोटा होता, त्याचं नवल नाही. तिथे पानं बघायच्या आधीच चिप्स टाकाव्या लागतात, शिवाय फ्लॉपनंतर सगळ्यांच्या आधी बोलावं लागतं. जगातले उत्तम खेळाडूही दीर्घकाळात मोठ्या ब्लाइंडवर गमावतातच, फक्त कमी गमावतात. पण ब्लाइंडच्या लगेच पुढची, जिथून बोलणं सुरू होतं ती खुर्चीही त्याला खात होती. तिथून तो राजा-गुलाम, एक्का-नव्वी असलं सगळं खेळत होता. आणि स्ट्रायकर समोर असताना मात्र जपून, मोजून खेळत होता. अगदी उलटं.

मला हे त्याला तोंडी सांगायचं नव्हतं. आधीच्या तासांना फळ्यावर सांगून झालं होतंच: पहिल्या खुर्चीवरून शंभरातले साधारण पंधरा हात खेळावेत, बटणावरून चाळीसच्या वर. त्याने ते उतरवून घेतलं होतं. वहीत उतरलेलं हातात उतरत नव्हतं.

नॉर्वेच्या ॲनेट ओब्रेस्टाडने २००७ मध्ये १८० जणांची एक छोटी ऑनलाइन स्पर्धा स्वतःची पानं न बघता जिंकली होती. एकदाच काय ती बघितली. त्याच वर्षी लंडनला तिने वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर युरोपची मुख्य स्पर्धा जिंकली, तेव्हा तिला एकोणीस पूर्ण व्हायचे होते. ते आठवलं आणि मी ठरवलं, आज इथे करून बघू.

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात वडिलांचा कांद्या-बटाट्याचा गाळा असलेली एक मुलगी वर्गात आहे. गणितात बेताची, पण टेबलावर तिची नजर स्वतःच्या पानांपेक्षा समोरच्यांच्या हातांवर जास्त असते. मी तिला म्हटलं, "तू आज पानं बघायची नाहीस. वीस डाव स्ट्रायकर तुझ्यासमोरच राहील." तिच्या दोन पानांवर मी हजेरीचा कागद दुमडून ठेवला. बाकीच्यांना एवढंच सांगितलं की एक प्रयोग आहे, नेहमीसारखं खेळा. तिला ब्लाइंड भरावे लागणार नव्हते, त्यामुळे हिशेब तिच्या बाजूला थोडा झुकलेला होता, हे मान्य. पण मला नफा मोजायचा नव्हता, दाखवायचं वेगळंच होतं.

अकरावा डाव मी विसरणार नाही. ब्लाइंड ५० आणि १००. आमचा पहिला नंबरवाला पहिल्या खुर्चीत. त्याने ३०० केले. मधल्या सगळ्यांनी पानं टाकली. तिने कागदाकडे न बघता ३०० पुढे सरकवले. दोन्ही ब्लाइंडवालेही पानं टाकून डावातून उठले. मध्ये ७५०. फ्लॉपवर बदामाची राणी, किलवरची सत्ती, चौकटची तिर्री. त्याने ४०० लावले. तिने त्याच्या बोटांकडे बघितलं आणि ४०० दिले. मध्ये १५५०. टर्नवर इस्पिकची दुर्री. तो थांबला. उजव्या हाताने चिप्सची चळत एकदा उचलली, परत ठेवली आणि टेबलावर टिचकी मारली. चेक, म्हणजे काही न लावता पाळी पुढे.

तिने हजार लावले.

तो बराच वेळ बसून राहिला. बाहेर पाऊस धरला होता, खिडकीतून पाणी आत येत होतं, पण उठून ती लावायचं कुणाला सुचलं नाही. शेवटी त्याने पानं टाकली. मी दोघांची उघडायला लावली. त्याच्याकडे राजा-गुलाम. तिच्या कागदाखाली नव्वी-पंजी. पानांनी तो पुढे होता.

"तुला काय दिसलं?" मी तिला विचारलं.

"काही नाही सर. तो आधी बोलत होता, मग बोलायचा थांबला. बाबा म्हणतात, गिऱ्हाइकाला आधी भाव बोलू दे. आजोबांच्या वेळी तर रुमालाखाली बोटं धरून भाव व्हायचे, म्हणजे तिसऱ्याला कळायलाच नको."

त्यावर मी फळ्यावर आकडे मांडले. जोडी नसलेल्या दोन पानांना फ्लॉपवर निदान एक जोडी लागण्याची शक्यता साधारण ३२ टक्के. म्हणजे तीनातले दोन वेळा समोरचा रिकामाच असतो, आणि आपणही. मग दोन रिकाम्या हातांत डाव कुणाचा? ज्याला दुसऱ्याचं बोलणं ऐकून मग बोलता येतं त्याचा. हजार लावून १५५० मिळवायचे होते, समोरचा पाचांतून दोनदा उठला तरी ती तोट्यात नव्हती. आणि चेक ऐकल्यावर तो त्याहून जास्त वेळा उठेल, एवढं ती बिनपानांची सांगू शकत होती. हाच राजा-गुलाम त्याच्याकडे स्ट्रायकरसमोर असता, तर कुणी न लावल्यास तोही चेक करून पुढचं पान फुकट बघू शकला असता. पहिल्या खुर्चीला ती सोयच नाही.

चहानंतर मी स्ट्रायकर दोन खुर्च्या मागे सरकवला आणि तिला तिथेच बसवलं. आता प्रत्येक डावात ती मोठी ब्लाइंड. पानं तशीच झाकलेली. फ्लॉपच्या आधी या जागेवरून सगळ्यांत शेवटी बोलायला मिळतं, त्याला बरेच जण फसतात. फ्लॉपपासून पुढे तिच्यानंतर बोलणारे बहुतेक वेळा उरतातच. पंधराव्या डावाला तिच्या चिप्स संपल्या. मुलगी तीच, पानं तशीच झाकलेली.

तिने चिप्सच्या रिकाम्या जागेवर हात फिरवला आणि विचारलं, "सर, पण हे समोरच्यालाही माहीत असेल तर?"

फार चांगला प्रश्न होता. मग ब्लाइंडवरचा खेळाडू बटणावरच्यावर पुन्हा रेझ करतो, म्हणजे त्याने लावलेल्यापेक्षा जास्त लावतो, बटणावरच्याला थोडं सावध व्हावं लागतं, नफा आकसतो. क्रम मात्र कुणालाच बदलता येत नाही. हे समजावण्यात उरलेला तास गेला आणि तरी अर्धवट राहिलं.

मी त्या रात्री पुढच्या सत्राचं वेळापत्रक बदललं. इतकी वर्षं मी हातांची उतरंड आधी शिकवत आलो, जागा नंतर. आता पहिला टेबल पानांशिवाय मांडणार आहे. फक्त चिप्स, खुर्च्या आणि स्ट्रायकर.

सोमवारी सकाळी तो मुलगा स्टाफरूमच्या दारात उभा होता. शनिवारीच त्याने वहीतल्या त्याच्या पानांचे फोटो मागून घेतले होते. रविवारभर बसून त्याने सगळे डाव खुर्चीप्रमाणे पुन्हा मांडले होते, पानांचा रकाना शेवटी. एका ओळीभोवती लाल पेनाने चौकोन होता. स्ट्रायकर त्याच्यासमोर, सगळे उठलेले, हातात बदामाची छक्की-सत्ती, आणि त्याने ती टाकून दिलेली.

"सर, ही टाकायला नको होती ना?"

"नको होती," मी म्हटलं आणि त्याला आत बसायला सांगितलं.