अंगणवाडीतला मोबाइल: दाखवायला कमी, ऐकवायला जास्त

पंचवीस मुलं आणि सहा इंची स्क्रीन. पुढची चार बघतात, बाकीची एकमेकांना ढकलतात. शिवाय तीन-चार वर्षांच्या मुलांनी एका जागी बसून दिवसाकाठी तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन पाहू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय, आणि तो तास बहुतेकांचा घरी जेवतानाच संपतो. म्हणून पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवरच्या नोंदींतून सुटलेला सेविकेचा फोन व्हिडिओपेक्षा आवाजासाठी वापरावा. त्याला लहानसा ब्लूटूथ स्पीकर जोडला की पुरे.

पहिला खेळ आवाज ऐकून ओळखायचा. त्यासाठी आठ ओळखीचे आवाज रेकॉर्ड करा: कुकरची शिट्टी, एसटीचा हॉर्न, कोंबडा, खलबत्ता, दाराची कडी असे. प्रत्येक पाच-सहा सेकंदांचा आणि वेगळ्या फाइलमध्ये. एकाच फाइलमध्ये सगळे ओळीने घेतले तर तिसऱ्या दिवशी मुलांना क्रम पाठ होतो, आवाजाच्या आधी उत्तर येतं. मिक्सर आणि ट्रॅक्टर मात्र एकत्र नकोत. छोट्या स्पीकरवर दोन्ही नुसते 'घर्र' करतात.

प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला दोन सेकंद शांतता सोडा. गप्प बसलेला ब्लूटूथ स्पीकर जागा होताना पहिला तुकडा गिळतो. शिट्टीचं निभावतं, कडीचा आवाज अख्खाच जातो. स्पीकर लोखंडी कपाटावर ठेवला तर कपाटच वाजतं. घडी केलेल्या सतरंजीवर, बसलेल्या मुलांच्या कानाच्या उंचीला ठेवा. फोन नजरेआड असू द्या, नाहीतर खेळ संपून मागणी सुरू. मधेच कुणाचा कॉल आला की रिंगटोन स्पीकरवरून वाजते, मग पोरं आवरत नाहीत. म्हणून आधी एअरप्लेन मोड लावा आणि नंतर ब्लूटूथ पुन्हा चालू करा, कारण बऱ्याच फोनांत तेही बंद पडतं.

हे जमलं की शब्दांकडे वळायचं. कार–खार, पळी–फळी. चित्रं समोर मांडायची, शब्द ऐकवायचा, मुलाने चित्र उचलायचं. 'क' आणि 'ख' कानाला वेगळे लागत नसतील तर पाटीवर गिरवून घेण्यात फारसा अर्थ नाही. हे शब्द रेकॉर्ड करताना फोन तोंडासमोर धरू नका. 'ख', 'फ' यांची हवा माइकवर आदळून फट्ट होतं आणि मूल अक्षर सोडून त्या फट्टवरून उत्तर देतं. वीतभर लांब, जरा बाजूला धरा, पंखा बंद. आणि पहिले दोन-तीन दिवस स्पीकर नकोच, ताईंच्या तोंडूनच ऐकू द्या.

कॅमेऱ्याचा एक उपयोग मात्र खरंच चांगला आहे. मटकीचे चार फोटो: कोरडी, भिजून फुगलेली, मोड आलेली, उसळ झालेली. छापून घ्या, मुलं क्रम लावतील आणि सांगतील. वाटी तीच, फोन त्याच स्टुलावर, अंतर तेवढंच. जवळून टिपलेली कोरडी मटकी फोटोत फुगलेल्या मटकीएवढी दिसते. मग क्रम चुकतो आणि बोलणी मुलाला बसतात. फोटोत हात आले तरी चालतील, चेहरे नकोत. पालकांच्या ग्रुपवरून ते कुठे जातील याचा नेम नाही.

पत्र्यावर पाऊस असेल त्या दिवशी स्पीकर काढूच नका. आवाज वाढवला तर तो कर्कश होतो, स्पष्ट होत नाही.