दाजीपूरच्या वाटेवर सीतेची वेणी

मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात, खास सीतेची वेणी, म्हणजे झाडांवर वाढणारी एक आमरी (ऑर्किड), पाहण्यासाठी आम्ही तिघे पहाटे साडेपाचला कोल्हापुरातून निघालो. दाजीपूर सुमारे ८० किलोमीटर आहे. राधानगरीपर्यंत दुतर्फा ऊस असतो. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या धरणाचे पाणी दिसू लागले की रान दाट होते. १९५८ साली गव्यांसाठी राखलेले हे जंगल आता राधानगरी अभयारण्यात मोडते आणि २०१२ पासून जागतिक वारशात गणले जाते. तरी बहुतेक पर्यटक गवा दिसला नाही म्हणून हिरमुसून परततात, डोक्यावरच्या फांदीकडे पाहतही नाहीत.

पहिली वेणी एका जुन्या ऐनावर, हाताच्या अंतरावर भेटली. वीतभराहून लांब, लोंबता, गच्च फुलोरा. पांढऱ्या पाकळ्यांवर गुलाबी-जांभळे ठिपके. आणि सालीच्या भेगांत रुतलेली राखाडी, जाड मुळे. वाटाड्याने बाटलीतले चार थेंब एका मुळावर सोडले, तसे ते पाहता पाहता हिरवे झाले. मुळावरचा मृत पेशींचा स्पंजासारखा थर भिजला की पारदर्शक होतो आणि आतले हरितद्रव्य दिसते. पावसाचे आणि धुक्याचे पाणी ही आमरी अशीच टिपते. झाडाचा रस ती शोषत नाही. तरीही बांडगूळ समजून ती ओरबाडली जाते. तिचे बी धुळीइतके बारीक, त्यात अन्नाचा साठा नाही. योग्य बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. म्हणून बाजारासाठी उपटलेल्या रोपाची जागा वर्षानुवर्षे भरत नाही, आणि जुने झाड तोडले की त्यावरची सगळी वस्तीच जाते.

जाणाऱ्यांनी मेअखेरच गाठावी, कारण पावसाळ्यात अभयारण्य बंद असते. आत जाण्यासाठी परवाना आणि वाटाड्या घ्यावा, न्याहारी राधानगरीतच उरकावी. आम्ही दुर्बीण घरी विसरलो आणि उंचावरचे निम्मे फुलोरे नुसते ठिपके म्हणून पाहिले. छायाचित्रासोबत झाडाची नेमकी जागा मात्र कोठेही टाकू नये.

दुपारी वळवाने गाठले आणि एक फांदी वेणीसह रस्त्यावर आली. अशी वेणी उचलून आणू नये, नाक्यावर कळवावे. आमच्यादेखत वनरक्षकाने ती सुतळीने शेजारच्या ऐनाला बांधली, मुळे सालीला टेकतील अशी.