गिरीजची डोंगरी

वसईजवळच्या गिरीज डोंगरीला डोंगर म्हणायला नाशिककराची जीभ रेटत नाही. पायऱ्या चढायला लागलो म्हणेपर्यंत दत्ताचं देऊळ आलंसुद्धा! इथे मराठ्यांचा वज्रगड होता म्हणे. असेल. पण वरून मुलूख मात्र झकास दिसतो. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला नालासोपाऱ्याच्या इमारती, मध्ये नारळी-केळींत बुडालेली गावं. सांडोर, भुईगाव, निर्मळ, गास. घरं दिसतच नाहीत, झाडीतून चर्चची टोकं तेवढी डोकावतात.

मित्र एकेक टोक ओळखून दाखवत होता. गासचं चर्च संत गोन्सालो गार्सियांचं. वसईत जन्मलेला हा माणूस जपानला पोचला आणि 1597 साली नागासाकीत क्रूसावर गेला. (आम्हाला इथे विरार लोकलमध्ये शिरता येत नाही.)

तेवढ्यात बाराच्या घंटा सुरू झाल्या. आधी एक, मग तिच्यामागून जरा घोगरी दुसरी. मला एकदम गोदाकाठचं नारोशंकराचं देऊळ आठवलं. लहानपणी आजोबांचं बोट धरून त्याच्या वेशीवरच्या अजस्र घंटेकडे मान दुखेपर्यंत बघायचो. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा चर्चमधल्या घंटा काढून गावोगावच्या देवळांना दिल्या. वाईजवळच्या मेणवलीची घंटा तिथलीच, आणि आमची नारोशंकराचीही. आजोबा हे सांगताना छाती अशी फुगवायचे, की वाटावं वसईच्या तटाला शिडी यांनीच लावली होती. मीही फुगवायचो. ती घंटा ज्या मनोऱ्यातून उतरली, तिथे दुसऱ्या दिवशी बाराला काय वाजलं, हा प्रश्न आम्हा दोघांना कधी पडला नाही.

खाली उतरून मित्राच्या घरी जेवलो. मावशींनी, म्हणजे त्याच्या आईने, पानावर सुकेळी (सुकवलेली केळी) वाढली आणि गाव विचारलं. नाशिक म्हटल्यावर थबकल्या.

"आमची घंटा तुमच्याकडेच ना? बरी आहे?"

सासरी दिलेल्या मुलीची चौकशी करावी तशा सुरात.

"बरी आहे," मी म्हणालो. "मोठा पूर आला की घंटेला पाणी लागलं का, ते बघायला गर्दी होते."

"आणि वाजवतात कधी?"

आता याला काय सांगायचं! मी आणखी एक सुकेळी मागून घेतली.